जोतं सरकारचं, भिंती माणसांच्या

वाढत्या शहरात कमी कमाईच्या कुटुंबाला घर कसं मिळावं, या प्रश्नाचं महाराष्ट्रात गेली तीस वर्षं एकच उत्तर दिलं जातं: इमारतीतला तयार फ्लॅट, आणि जमल्यास फुकट. दुसरं उत्तर त्याहून जुनं आहे. सरकारने जागा आखावी, पाणी आणि गटार तिथवर न्यावं, कागद कुटुंबाच्या नावावर करावा. घर मात्र कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे, टप्प्याटप्प्याने बांधावं. हे उत्तर आपण फार लवकर टाकून दिलं, असं माझं मत आहे. त्यावर येणारे आक्षेप महापालिकेतल्या अभियंत्यांचे आहेत, नगररचनाकारांचे आहेत, कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्यांचेही आहेत. पुढच्या संवादातला आक्षेपक या सगळ्यांच्या वतीने बोलतो. त्याचे मुद्दे वजनदार आहेत, म्हणूनच ते त्याच्याच तोंडून आलेले बरे.

आक्षेपक: लोकांनी आपलं घर आपण बांधावं म्हणता, म्हणजे झोपडपट्टीला मान्यताच दिली की तुम्ही. रस्ता किती रुंद, मलवाहिनी कुठून, आग लागली तर बंब कसा पोचणार, याचा हिशेब कोणी करायचा? गवंड्याने?

लेखक: तो हिशेब गवंड्याने करायचा नाही, आणि माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं. पुण्याच्या कडेची, सांगलीतली किंवा छत्रपती संभाजीनगरातली कुठलीही गुंठेवारी वस्ती बघा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यातला अर्धा, कधी पाव गुंठा कुटुंब विकत घेतं. आधी पत्र्याची एक खोली, खाली कोबा, कोपऱ्यात मोरी. मग भिशी लागली की विटा येतात आणि एकेक भिंत पक्की होते. बोनस, मोडलेले दागिने, पतसंस्थेचं कर्ज यांतून कधीतरी स्लॅब पडतो, आणि कॉलमच्या शिगा वर हातभर बाहेर ठेवल्या जातात, कारण वरची खोली मुलाच्या लग्नाआधी काढायची असते. खर्च कधी करायचा, किती करायचा, आधी संडास की आधी स्वयंपाकाचा ओटा, हे सगळं ते कुटुंब कुठल्याही मंडळापेक्षा चांगलं ठरवतं. फसतं ते भिंतीच्या बाहेर. रस्ता आठ फुटांचा आणि पुढे बंद, मलवाहिनी नाही, पाणी टँकरचं. खरेदी नोटरीच्या कागदावर झालेली, सातबारावर नाव नाही, बिगरशेती परवानगी (एनए) नाही, म्हणून बँक दारात उभं करत नाही. ही सगळी कामं कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती आणि ती ज्याने करायची तो जागेवर नव्हता. २००१ साली राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून तो २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना लागू केला. म्हणजे सरकार येतं, पण घरं उभी राहिल्यानंतर येतं आणि मग नळ टाकायलाही कुणाची तरी पायरी फोडावी लागते. माझी मागणी एवढीच, की हा क्रम उलटा करावा.

आक्षेपक: तो उलटा क्रम आपण करून पाहिलाय. जागतिक बँकेच्या कर्जावर १९७७ पासून चेन्नईत, १९८५ पासून मुंबईत आखीव भूखंड वाटले. नव्वदच्या दशकात योजना बंद पडली. इतकी चांगली होती, तर बंद का पडली?

लेखक: मुंबईतला तो प्रयोग बघायचा तर कांदिवलीला चारकोपला जावं, किंवा बोरिवलीच्या गोराईला. सगळ्यांत लहान भूखंड २५ चौरस मीटरच्या आसपास. साधारण ३५ भूखंडांचा एक गट, मध्ये सामाईक मोकळी जागा आणि त्या गटाची सहकारी सोसायटी. कुटुंबाला मिळायचं ते जोतं आणि संडास-मोरीची सोय. पुढचं त्याने बांधायचं. त्याच आखणीत मोठे भूखंड आणि दुकानांच्या जागा बाजारभावाने विकून लहान भूखंडांचा भार उचलला होता. ही युक्ती फार महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे एकाच वस्तीत हमाल, कारकून आणि दुकानदार शेजारी आले. सुरुवातीच्या वर्षांत तिथे काय दिसायचं? अर्धे भूखंड मोकळे, अर्धवट भिंती, आणि शहरापासून लांब पडल्याची तक्रार. प्रकल्प संपल्याबरोबर मूल्यमापन झालं आणि निष्कर्ष निघाला की वेग नाही. पण ज्या घराला बांधून व्हायला पंधरा-वीस वर्षं लागणार हे गृहीतच धरलेलं होतं, त्याची परीक्षा पाचव्या वर्षी घेऊन काय मिळणार? जागतिक बँकेशी संबंधित अभ्यासक वीस वर्षांनी चेन्नई आणि मुंबईतल्या त्याच वस्त्यांत परत गेले. २०१८ साली छापलेल्या त्यांच्या निबंधाचा सूर असा, की ज्याला आपण अपयश म्हटलं ते यशच होतं: वस्त्या भरल्या होत्या, राहायला चांगल्या होत्या आणि वेगवेगळ्या उत्पन्नाची माणसं तिथे टिकून होती. टांझानियातला पुरावा तर आणखी थेट आहे. तिथल्या सात शहरांत १९७०-८० च्या दशकांत दोन्ही गोष्टी झाल्या. काही ठिकाणी मोकळ्या जमिनीवर आधी भूखंड आखले, काही ठिकाणी आधीच उभ्या वस्तीत नंतर रस्ते आणि पाणी नेलं. काही दशकांनी पाहिलं तेव्हा आधी आखलेल्या भागांतली घरं मोठी आणि नीट रांगेत होती. नंतर सुधारलेल्या भागांना ती बरोबरी साधली नव्हती. लोकांनी दोन्हीकडे घरं स्वतःच बांधली होती. आखणी आधी झाली की नंतर, हा फरक मोठा ठरला.

आक्षेपक: टांझानियात जमीन होती हो. मुंबईत २०११ च्या जनगणनेत चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत निघाले. त्यांना तुम्ही जमिनीवर बसकी घरं कुठे देणार? झोपडपट्टी पुनर्वसन म्हणजे ‘झोपु’ योजनेत निदान एक पैसा न घेता पक्कं घर मिळतं, संडास घरात मिळतो. बाईला रात्री बाहेर जावं लागत नाही, हे तुम्ही कमी लेखू नका.

लेखक: घरात संडास असणं मी कधीच कमी लेखणार नाही, चारकोपच्या योजनेतही भिंतीआधी तीच सोय दिली होती. ‘झोपु’बद्दल मात्र तिच्याच शब्दाने तिला मोजू. १९९५ मध्ये शब्द दिला गेला तो ४० लाख लोकांना मोफत घरं देण्याचा, म्हणजे कुटुंबामागे पाच माणसं धरली तर ८ लाख घरं. तीस वर्षांत त्याच्या निम्म्यापर्यंतही मजल गेलेली नाही. त्याचं कारण योजनेच्या रचनेतच आहे. मोफत घराचा खर्च निघतो तो शेजारी बांधलेल्या विक्रीच्या फ्लॅटमधून. त्यामुळे जिथे विक्रीचा भाव चढा, तिथेच विकासक येतो आणि जिथे भाव पडला तिथे अर्ध्यावर सोडून जातो. तोवर कुटुंबं संक्रमण शिबिरात. आणि जे बांधलं गेलं त्यातलं काही कसं आहे? गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दचं लल्लुभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमधलं अंतर जागोजागी जेमतेम ३ मीटर आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने तिथे पाहणी केली तेव्हा ऊन आणि वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. पक्क्या भिंतींच्या आत माणसं आजारी पडत असतील, तर नुसतं पक्कं घर ही कसोटी पुरेशी नाही. जमिनीबद्दलचं तुमचं म्हणणं दादर-परळपुरतं मला मान्य आहे. तिथे उंच बांधावंच लागेल आणि मी त्याच्या आड येत नाही. पण शहरं वाढताहेत ती पनवेलच्या पुढे, वसई-विरारला, चाकण-वाघोलीला, नाशिक आणि नांदेडच्या कडेला. मालेगाव किंवा इचलकरंजीत चढ्या भावाचा फ्लॅट घेणारा गिऱ्हाईकच इतका कमी, की त्याच्या नफ्यातून शेजाऱ्याचं मोफत घर निघणं अवघड. तिथल्या यंत्रमाग कामगाराला ‘झोपु’चा पर्याय जवळपास नाहीच, त्याच्यापुढे एक तर आखलेला भूखंड, नाही तर गुंठेवारी.

आक्षेपक: आता मी कामगार चळवळीच्या बाजूने बोलतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाने रात्री आणि सुट्टीला घरही बांधायचं? हे दुहेरी शोषण आहे. त्याचं घर स्वस्तात पडलं की मालकाला मजुरी कमी दिली तरी चालते, आणि सरकार हात झटकतं. सोलापूरच्या विडी कामगारांनी कुंभारीला हजारो पक्की घरं मिळवली ती लढून. भूखंड आणि जोत्यावर समाधान मानलं असतं, तर ती मिळाली असती?

लेखक: या आक्षेपाला मी सगळ्यांत जास्त मान देतो. ब्रिटिश वास्तुरचनाकार जॉन टर्नर १९५० च्या दशकात पेरूला गेले आणि लिमाच्या कडेला लोकांनी स्वतः उभारलेल्या वस्त्या पाहून त्यांनी या विचाराला जगभर नाव मिळवून दिलं. त्यांच्यावर रॉड बर्जेस यांच्यासारख्या मार्क्सवादी टीकाकारांनी हाच आरोप ठेवला होता. आरोपातला एक भाग पूर्ण खरा आहे. ‘लोक करतील’ म्हणून सरकारने पैसा आखडता घेतला, की ही कल्पना गरिबांच्या गळ्याचा फास होते, आणि तसं अनेक देशांत झालंही. म्हणून स्वतः बांधण्याचा अर्थ नीट धरला पाहिजे. आपल्याकडचं कुटुंब सहसा स्वतः विटा रचत नाही. ते गवंडी लावतं, बिगारी लावतं, वाळू-सिमेंटचा भाव करतं. बांधकामाचा मालक ते असतं. मजूर असलंच पाहिजे असं नाही. आणि मालकीला पैसा लागतो. पुण्यात येरवड्याला २००५ नंतरच्या केंद्रीय योजनेतून वस्ती जागच्या जागी सुधारली गेली, तेव्हा घरखर्चाचा मोठा वाटा सरकारी होता. कुटुंबाचा वाटा १० टक्के. पक्की घरं तशीच ठेवली, फक्त कच्ची उतरवून त्याच जागेवर साधारण २७० चौरस फुटांची बांधली. ज्याच्याकडे जागा अगदी कमी, त्याने शेजाऱ्याशी मिळून एकावर एक मजले घेतले. ‘महिला मिलन’ या संघटनेच्या बायकांनी घरोघर बसून, वास्तुरचनाकाराबरोबर नकाशे पाहून हे जुळवलं. गल्ल्या त्याच राहिल्या, शेजार तोच राहिला, आणि धुणीभांड्याची कामं, रिक्षाचा थांबा, मुलांची शाळा, काहीही मोडलं नाही. यात सरकारने कुठे हात झटकले? सोलापूरचं म्हणाल, तर ते उदाहरण माझ्या विरोधात जात नाही. तिथे कामगारांची संघटना होती, सहकारी संस्था होती आणि कुठे, कसं, किती बांधायचं यात त्यांचा शब्द होता. संघटित कामगारांनी तयार घर मागितलं तर ते त्यांना मिळावंच. पण ज्यांची संघटना नाही असे बिगारी, फेरीवाले, घरकामगार यांच्यासाठी कोण लढणार, याचं उत्तर मिळेपर्यंत त्यांना आखलेली जागा मिळाली पाहिजे. तयार फ्लॅट घेतल्यावरही भार संपत नाही, हेही इथेच बोलू. लिफ्ट, पंप, सोसायटीचा देखभाल खर्च दर महिन्याला ठरलेला असतो, आणि ज्याची कमाई रोजच्या रोज बदलते त्याला ठरलेला हप्ता फार जड जातो. जमिनीवरच्या घरात ज्या महिन्यात काम नाही, त्या महिन्यात बांधकाम थांबतं. एवढंच होतं.

आक्षेपक: आणि ज्या महिन्यात पैसा येतो, त्या महिन्यात पाया न बघता वर मजला चढतो. जून २०२१ मध्ये मालाडच्या मालवणीत काय झालं, आठवतं ना? वाढवलेलं घर शेजारच्या घरावर कोसळलं आणि दहाहून अधिक माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. ती जबाबदारी कोणाची?

लेखक: आठवतं, आणि त्या मुलांचा विषय निघाल्यावर कोणत्याही तत्त्वाची ढाल पुढे करू नये. तिथे मजले चढत असताना ते कोणी तपासले नाहीत, हेच त्या मृत्यूंचं कारण मला दिसतं. मग तपासणार कोण आणि कसं, हा खरा प्रश्न. विकासकाने बांधलं म्हणून घर सुरक्षित होत नाही: एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत पडली, ७४ माणसं गेली, आणि ती विकासकाचीच होती. दुसऱ्या बाजूला लातूर आणि धाराशिवचा अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, त्याची चर्चा खूप झाली. त्याच कार्यक्रमात कमी पडझड झालेल्या गावांतली दोन लाखांच्या आसपास घरं मालकांनी स्वतः दुरुस्त आणि मजबूत केली, हे मात्र फारसं कोणाला ठाऊक नाही. सरकारने मदत दिली, अभियंते गावात पाठवले, गवंड्यांना शिकवलं आणि गावोगावच्या महिला मंडळांनी संवाद सहायक म्हणून शेजाऱ्यांना समजावलं. सिमेंटचा पट्टा कुठे फिरवायचा, दगडी भिंत आडवे दगड घालून कशी बांधून घ्यायची, हे लोक शिकले, कारण घर त्यांचं होतं आणि भूकंप त्यांनी पाहिला होता. हीच व्यवस्था शहराच्या वॉर्डात का असू नये? जोतं घालतानाच ते तळमजला अधिक दोन मजल्यांचं वजन पेलेल असं घालायचं आणि वर किती चढवता येईल ते कागदावर लिहून द्यायचं. वॉर्डात एक कनिष्ठ अभियंता असा नेमायचा, ज्याच्याकडे कुटुंब सल्ला मागायला जाईल. आज अभियंता दिसतो तो नोटीस घेऊन, म्हणून मजला रात्रीत आणि चोरून चढतो. चोरून चढलेल्या मजल्याचा पाया कोण तपासणार?

आक्षेपक: बरं, जागा दिली, पाया दिला, अभियंता दिला. पाच वर्षांत ते कुटुंब विकून मोकळं होतं. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांनी आखलेली मूळ घरं आता शोधावी लागतात; जागोजागी मोठे बंगले उभे राहिले.

लेखक: काही कुटुंबं विकतात, हे खरं आहे. इंदूरच्या अरण्य वसाहतीतही ते झालं. बाळकृष्ण दोशी यांनी आखलेल्या त्या वसाहतीत जवळपास दोन तृतीयांश भूखंड अतिदुर्बल गटासाठी होते, एकेक ३५ चौरस मीटरचा. तिला १९९५ साली आगाखान पुरस्कारही मिळाला. पण विकणं म्हणजे योजना फसणं, असं आपण फक्त गरिबाच्या बाबतीत का म्हणतो? मध्यमवर्गीय माणूस फ्लॅट विकून मोठा घेतो, तेव्हा त्याची प्रगती झाली म्हणतो. गरिबाने आजारपणासाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी जागा विकली, तर तिचा पुरा भाव त्याच्या हातात पडावा, दलालाच्या नाही, एवढी काळजी घेतली पाहिजे. ती काळजी स्वच्छ कागदानेच घेता येते. बंदीने व्यवहार थांबत नाहीत, ते मुखत्यारपत्रावर होतात आणि भाव निम्मा होतो. श्रीमंतांनी गरिबांना ढकलून द्यावं असं मलाही नको आहे. त्याला उत्तर दोन: भूखंड लहान ठेवा आणि ते एकत्र जोडायला मनाई करा. २५ चौरस मीटरचे दोन तुकडे एक करता आले नाहीत, की बंगला होत नाही. सगळ्यांत मोठा उपाय म्हणजे असे भूखंड भरपूर असणं. शहरात अशी एकच वसाहत असली की सगळ्यांची नजर तिच्यावरच पडणार.

आक्षेपक: भाडेकरूचं काय? शहरात आज उतरलेल्या माणसाला भूखंड नको असतो, खाट हवी असते. आणि भरपूर भूखंड म्हणता, पण जमीन कोण देणार?

लेखक: भाडेकरूबाबत माझ्या मांडणीला मर्यादा आहे, ती मी नाकारत नाही, कामगारांसाठी भाड्याची घरं सरकारने वेगळी बांधलीच पाहिजेत. तरी आज नव्याने आलेल्या माणसाला खोली कोण देतं ते पाहा. ज्याने शिगा वर सोडून ठेवल्या होत्या तोच वरची खोली काढून भाड्याने देतो. जमिनीचा प्रश्न मात्र सगळ्याच्या मुळाशी आहे. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत मंजूर झालेल्या शहरी घरांपैकी निम्म्याहून अधिक घरं लाभार्थ्याने स्वतः बांधायच्या घटकातली होती. केंद्राचे दीड लाख, महाराष्ट्राचे एक लाख. त्यासाठी अट अशी, की जागा स्वतःच्या नावावर हवी. म्हणजे स्वतः बांधणं सरकारला मान्य आहे, फक्त ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्यासाठी. ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठीची तरतूदही कायद्यात आहे. २०१३ पासून राज्याच्या मोठ्या शहरांत मोठ्या क्षेत्राच्या जमिनीचं रेखांकन करताना २० टक्के क्षेत्र ३० ते ५० चौरस मीटरच्या भूखंडांसाठी, दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी राखायचं बंधन आहे. ते भूखंड किती निघाले, कोणाला मिळाले आणि किती मोकळे पडून आहेत, याची यादी त्या शहरांतल्या प्रत्येक महापालिकेने आपल्या दारावर लावावी. त्यापुढे जाऊन, विकास आराखड्यात नवा रहिवास विभाग दाखवताना आणि नगररचना योजना करताना मालकाला वाढीव किंमत मिळते ती रस्त्यामुळे आणि पाण्यामुळे, म्हणजे सार्वजनिक पैशामुळे. त्या वाढीतला हिस्सा जमिनीच्या रूपानेच घ्यावा आणि तो शेवटी उरलेल्या ओढ्याकाठच्या कोपऱ्यात न टाकता बस थांब्याच्या चालण्याच्या अंतरावर घ्यावा. चाकणला नवा कारखाना मंजूर होतो, तेव्हा त्यात किती कामगार लागणार हे अर्जातच लिहिलेलं असतं. ते कामगार राहणार कुठे, ते भूखंड त्याच आठवड्यात आखायला घ्यावेत. पहिली भरती होण्याआधी गटार खोदून झालेलं असावं.